दहा वॉट

दुकानदार चिपांची नावं घेत होता.
मुतिंताने एवढंच विचारलं: खातो किती?

दहा वॉट. फार तर पंधरा.

पावतीच्या पाठीवर तिने मांडलं:
छपरावरचं एक पॅनेल, थकलेली बॅटरी,
पिल्लांच्या खोक्यावरचा बल्ब,
तो विझवायचा नाही.
चोमात वीज येते ती रात्री दोनला.

हामूंगाचं जुनं धूड घरघरायचं,
पंख्यात धूळ, पोटात दोनशे वॉट.
तो गेल्यावर तिने ते एकदाच लावलं,
आवाजासाठी.

हा नवा, म्हणजे कुणाचा तरी वापरलेला,
पिशवीत टोमॅटोंशेजारी मावला.
भाव दोनदा पाडला, वायर फुकट.

आता अंधारात अंड्यांचा हिशेब उजळतो.
यंत्र इतकं गप्प
की चालू आहे ना, म्हणून
ती मध्येच त्यावर तळवा ठेवते.

कोमट.
पिल्लाएवढं.