कमी-जास्त

माझ्या नकाशात थेऊर हा एक चौकोन आहे.
दहा किलोमीटर लांब, दहा रुंद,
आणि त्याला नाक नाही.

त्यात ऊस, मंगल कार्यालयं, वीटभट्ट्या,
जलपर्णीखालचं मुळा-मुठेचं काळं पाणी,
गोठे किती, ते जुन्या पशुगणनेवरून
(तेव्हाच्या म्हशी आता कुठे?)
आणि सगळ्यांना मिळून अमोनियाचा एकच आकडा.
तो कुठून आला विचारू नका.
थंड देशातल्या गाई, भिजलं कुरण,
कुणीतरी तिथे मोजलं,
आम्ही इथे गुणलं.

दर गुरुवारी निखत बागवान आणि मी
पाषाणहून निघतो. आम्लात बुडवलेले
बाटलीच्या झाकणाएवढे कागद
बायजाक्का कुंजीरांच्या गोठ्यामागे
बांबूंना टांगतो.
पहिल्याच आठवड्यात एक कालवडीनं खाल्ला.
निखतनं वहीत लिहिलं :
नमुना क्रमांक सात, कालवडीच्या पोटात.

"युरिया कधी टाकता?"
"पाण्याची पाळी आली की."
पाळी म्हणजे कॅनॉल, कॅनॉल म्हणजे मोटर,
मोटर म्हणजे वीज, आणि वीज
या आठवड्यात रात्री, पुढच्या आठवड्यात बघू.
मॉडेलमध्ये मात्र अख्खा जिल्हा
सकाळी दहाला खत फेकतो,
एकाच हातानं.

"टाकलं आणि पाणी लांबलं
तर दुपारी डोळे चुरचुरतात," बायजाक्का म्हणाल्या.
"मग समजायचं, पैसे उडाले."
आम्ही त्याला उत्सर्जन म्हणतो.

उकिरड्यावर सुकून कवच धरतं,
आतला वास आत राहतो,
असं सगळ्या शोधनिबंधांत आहे.
इथे रोज चार कोंबड्या ते उकरतात.
कोंबडीचं समीकरण कुणी लिहिलेलं नाही.

अहवालात मी लिहिलं : अधिक-उणे साठ टक्के.
"साठ?" साहेबांनी चष्मा काढला.
"जरा कमी नाही करता येणार?"
येईल की.
कोंबड्या वगळल्या, रात्रीची वीज वगळली,
बायजाक्कांचे डोळे वगळले
की पंचवीसवर येतं.

शेवटच्या गुरुवारी बांबू उपटले.
चहा झाला, दुधाची साय कपाला चिकटलेली.
फाटकापर्यंत आल्या, म्हणाल्या,
"काही कमी-जास्त झालं असलं
तर सांभाळून घ्या."

निखत माझ्याकडे बघून हसली.
साठ तसंच राहू दिलं.

हडपसरच्या सिग्नलला काचा खाली केल्या.
वास आमच्याच ओढण्यांना होता.
किती,
ते मोजलेलं नाही.