ओळंबा

कसारा घाट चढून आलो
तेव्हा चेनवर ग्रीसपेक्षा धूळ जास्त होती.
पेठ रोडला, कॅनॉलच्या पलीकडे,
तीनशे फुटांची बारा घरं उभी राहत होती,
सातवं इंदुबाई गांगुर्डेंचं.
चार दिवस माझे हात त्यांचे, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी पाच थर रचले.
लहानू गवंड्यानं ओळंबा सोडला,
एक डोळा मिटला,
आणि वरचे तीन लाथेनं पाडले.
"सायकल कलली तर वळते, बाबा.
भिंत कलली तर..."
पुढचं त्यानं तंबाखूबरोबर दाढेखाली ठेवलं.

इंदुबाई काही बोलल्या नाहीत.
विटांचा ओला माल खरवडून
एकेक वीट पुन्हा माझ्या हातात देत राहिल्या.
द्राक्षं विरळून तयार झालेली बोटं ती,
काय ठेवायचं, काय काढायचं, न बघता कळणारी.

आता नागपूर मागे पडलंय.
काल टायर बदलताना त्यांचा फोन आला:
"स्लॅब पडला!"
काळजात धस्स झालं,
मग हसूच आलं.
पडतो तेव्हाच तर डोक्यावर येतो.

विचारलं, माझी भिंत ओळखू येते का?
म्हणाल्या, "नाही रे.
सगळ्या सरळच आहेत."