मिलिमीटर

हरमटानची धूळ रात्रभर खिडकीला घासत होती.
सकाळी काचेवरून बोट फिरवलं, बोट तांबडं.
टामालेत जानेवारी असाच उजाडतो.

इनक्युबेटरमधून बशी काढली.
झाकणावर माझंच अक्षर:
मेमुनातूचं बाळ. वय सात दिवस.
बारसं आठव्या दिवशी.

पेजेच्या सायीसारख्या पिवळट थरावर
कागदाच्या अकरा टिकल्या,
एकेकीत एकेक औषध मुरवलेलं.
औषध लागू पडलं की टिकलीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं,
जंतू तेवढं अंतर राखून थांबतात.

आज खळं नाही.
टिकल्यांना खेटून, टिकल्यांवर चढून
दाटीवाटीनं वाढलेत,
जणू मध्ये काही नाहीच.

मी तरी पट्टी लावली.
सहा. सहा. सहा.
सहा म्हणजे नुसती टिकली.
तक्त्यात आर लिहिलं, खाली आर,
तिसऱ्यानंतर पेन चालेना, झटकलं,
परत आर.

नवव्या टिकलीला अकरा.
पुस्तकात अठरा हवेत.
वाटलं, पट्टी जरा तिरकी धरली तर?
धरली.
अकराच.

फोन. डॉक्टर अबिबा.
"नापारी, कुठलं देऊ?"
अकरा, मी म्हणालो.
"अकरा काय?"
मिलिमीटर.
मग दोघंही गप्प, लाइनवर नुसती खरखर.
"नववंच देऊन बघते," म्हणाली,
आणि ठेवला.

लहानपणी गुडघा फुटला तेव्हा
आईनं कॅप्सूल उघडून पूड भुरभुरवली होती,
लाल-पिवळी, बाजारातून
शेंगदाण्यांसारख्या सुट्या मोजून आणलेल्यांतली.
उरलेल्या दोन डब्यात, पुढच्या वेळेला.
जखम भरली. त्याच गुडघ्यानं चालत
मी या टेबलापर्यंत आलो.
तिला कुठल्या तोंडानं बोल लावू?
ती पुढची वेळ
आता माझ्यासमोर बशीत आहे.

संध्याकाळी बशी ऑटोक्लेव्हमध्ये सरकवली.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
वाफेपुढे यांच्यातल्या एकाचंही काही चालत नाही,
मुकाट मरतात.
बाळाला वाफेत ठेवता येत नाही.

जिन्यात नर्स भेटली.
मेमुनातूच्या नवऱ्यानं मेंढा सांगून ठेवलाय म्हणे,
पैसेही दिलेत.
नाव काय ठेवणार, मी विचारलं.
ते आधी कुणाला सांगत नसतात, ती म्हणाली,
आणि भराभर वर गेली.