बारदाना वजा

आमच्या घरात तिला कुणी आजार म्हटलं नाही.
आई म्हणायची, याचं नाकच थंड.
ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून
हुंगायला द्यायची, नि शाळेत पिटाळायची.

मग मी डाळमिलच्या काट्यावर लागलो,
लातूरला, जुन्या एमआयडीसीत.
तुरीचा पिवळट भुसा तिथं दिवसभर हवेत असतो,
पावतीपुस्तकावर बसतो, चहात बसतो,
भुवईत बसतो.
सतरा वर्षं ट्रक तोलतोय:
भरल्याचं वजन, रिकाम्याचं वजन,
आणि मधे शिंका.
हमाल म्हणतात, साहेब शिंकले की गाडी पास.

पहाटे तर सलग. अयोध्या झोपेतच मोजते.
आठ झाल्या की म्हणते, उठा आता, संपल्या.

इर्शाद पटेल औशाचा, माझ्याच बाकावरचा.
आता विमा विकतो.
फॉर्म घेऊन केबिनमध्ये येऊन बसला.
'पूर्वीपासूनचा आजार' या रकान्यापाशी
माझं पेन अडलं.
"काय लिहूलालास? नाही म्हण की.
नाक तर सगळ्यांचंच वाहतं."

मी म्हटलं, अंबाजोगाई रोडच्या डॉक्टरनं
चिठ्ठीवर इंग्रजीत नाव घातलंय त्याला,
नावाच्या आधी 'क्रॉनिक'.
वर्षाला सहा स्प्रे, एक सीटी स्कॅन,
सगळ्याच्या पावत्या आहेत.
मी पावत्या फाडत नाही.
पावत्यांवरच पोट आहे माझं.

इर्शाद हसला.
"नाकासमोर चालणारा माणूस तू,
अन् नाकच आडवं आलं बघ."

रकाना कोरा ठेवला.
कोरं म्हणजे खोटं नव्हे,
असं ठरवून दोघांनी चहा संपवला.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन.
पोरगी आवाजानं गोड होती.
सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय.
मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही.
दमा, नाकाचा, घशाचा काही जुना त्रास?
मी नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि तेवढ्यात उदगीरचा ट्रक काट्यावर चढला,
मागं धुरळ्याचा लोट घेऊन.

पोरगी थांबून राहिली बिचारी.
आठवीनंतर म्हणाली, झालं का सर?
अगदी अयोध्यासारखं.
मग मी सगळं सांगून टाकलं,
स्कॅनच्या तारखेसकट.

पत्र आलं. हप्ता थोडा वाढवलेला.
नाक, नाकामागच्या पोकळ्या, आतलं वाकडं हाड,
आणि त्यातून पुढं जे जे उद्भवेल ते,
तीन वर्षं मागायचं नाही.
उरलेला मी मंजूर.

अयोध्यानं पत्र दोनदा वाचलं.
उरलेले म्हणजे कुठून कुठपर्यंत ओ?

मला कळतो हा हिशेब.
आम्हीही माल धरताना
पोत्यामागं बारदाना वजा करतो.
पोत्याला विचारत नाही.

हप्ता भरला. इर्शादनं पेढे आणले होते, ते खाल्ले.

रात्री मिल बंद झाल्यावर
गाड्यांच्या काट्यावर एकटाच उभा राहिलो.
तो दहा-दहा किलोनंच मोजतो, माणसासाठी नाही तो.
सत्तर दाखवलं त्यानं.
मग भुसा हलला कुठून तरी, शिंक आली.
लाल आकडा तसाच,
सत्तर.
पावती काढली नि खिशात ठेवली.