डाव्या बाजूचं माप

शेवंताच्या झंपराला हुक लावताना
पुन्हा तो चावा, डाव्या छातीत.
छातीत म्हणते मी, पण ते मांस पाठीचं.
फऱ्याखालून सोडवून, काखेतून वळवून
पुढं आणून बसवलेलं,
फाटलेल्या परकराला त्याच्याच घेरातलं कापड काढून
ठिगळ लावावं तसं.
ही उपमा मीच दिली होती डॉक्टरांना.
ते हसले. म्हणाले, टेलर ना तुम्ही,
तुम्हाला लगेच कळलं.

ठिगळाला आपली जागा आठवत राहते
हे मात्र नव्हतं कळलं.

चार वर्षं झाली.
अजून कापड ओढायला हात मागं नेला
की पुढचं मांस दचकतं.
छातीवर माशी बसली की मी पाठ खाजवते,
आणि पाठीत खाजवायला काहीच नाही,
वीतभर शिवण फक्त,
मुकी.

महादेवी सिस्टर विचारते, नोवु एष्टु?
एक ते दहा.
मी सात म्हणते.
भिंतीवर चेहरे चिकटवलेत, सातव्याच्या भुवया वाकड्या.
तसलं तोंड घेऊन वडगावात कोण झंपर टाकील माझ्याकडं?
घरात विचारलं तर तीन.
आईला फोनवर, काही नाही गं, दमले नुसती.
खरा आकडा मशीनला माहीत,
कुठल्या टाक्याला चाक थांबतं ते.

एकदा पाणी साठलं आत. सुईनं काढलं, कपभर.
एकदा ताप, पू, अकरा दिवस सलाईन.
आता म्हणतात, आतली पिशवी आवळत चाललीय,
होतं असं काहींना.
उजवी माझ्याबरोबर म्हातारी होतेय, उतरतेय,
डावी तिथंच बसलीय, ताठ,
लग्नातल्या फोटोतल्यासारखी.
डॉक्टर दोन फोटो शेजारी शेजारी धरतात.
रिझल्ट छान आहे, म्हणतात.
खरंच आहे.
फोटोत दुखत नाही.

जाऊ म्हणाली, जीव वाचला होता की,
वर आणि हे कशाला? कापड कोंबलं असतं तरी चाललं असतं.
तिला काय सांगू.
दिवसभर दुसऱ्यांच्या छातीभोवती टेप धरून
चौतीस, छत्तीस, साडेअडतीस म्हणायचं,
आणि आपल्या टेपला एका बाजूनं धरायला काही नाही.
पाटल्या मोडल्या त्या मीच.
मागून घेतलेलं दुखणं
कुणाच्या दारात नेऊन ठेवता येत नाही.

मराठी शाळेच्या चौगुले बाई म्हणाल्या,
हीही एक सीमाच की गं, अंगावरची.
बाई, म्हटलं, तोंडात टाचण्या आहेत, हसवू नका.
सीमेला दगड असतो, दोन भाषांत बोर्ड,
भांडायला दोन्हीकडची माणसं.
इथं बधिर कातडं कुठं संपतं
ते मी रात्री एकटी चाचपते,
आणि ते रोज बोटभर इकडंतिकडं.

कल्लाप्पा उद्यमबागेतून येतो, हाताला लोखंडाचा वास.
चार वर्षं तो हात माझ्या अंगापासून
चार बोटं लांब थांबायचा.
परवा लाईट गेली, शेजारचे माग गप्प झाले,
तेव्हा म्हणाला, कुठं दुखतंय ते तरी सांग.
पाठीत, म्हटलं.
त्यानं पाठीवर हात ठेवला.
मला लागला नाही.
तिथं नव्हे, म्हटलं,
आणि त्याचा हात धरून पुढं आणला, डावीकडं,
कडक, गार त्या जागेवर.
आणि कुणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुखायचं थांबलं नाही वो.
माग पुन्हा सुरू झाले, तो झोपला,
मी उशी काखेत धरून पाचपर्यंत जागी.

माझ्या स्वतःच्या झंपराला
डाव्या बाजूला पाऊण इंच सोडलाय आता,
वहीत लिहूनही ठेवलाय, नाव न घालता.
शेवंता सहाला येणार.
अजून दोन हुक राहिलेत.