रात्रपाळी

ठरलं होतं ते असं : बरोबर मध्यरात्री सगळे दिवे मालवायचे,
अंधारात जुना झेंडा उतरवायचा,
आणि दिवे लागतील तेव्हा वर नवा असायचा,
हिरवा, कोपऱ्यात लाल-काळे-नारिंगी पट्टे, त्यांच्यावर गरुड.
शाळेत आठवडाभर आम्ही तो गरुडच काढत होतो.
माझ्या गरुडाची कोंबडी झाली होती.

लुआपुलाच्या काठचं आमचं मिशनचं इस्पितळ
दुपारीच ओस पडलं.
लॉरीत माणसं मासळीच्या टोपल्यांसारखी, एकावर एक.
पाळक कापासा ड्रायव्हरशेजारी, मांडीवर नवी टोपी.
मला जागा उरली नाही. मी चाकाला लाथ मारली,
चाकाला काही झालं नाही.

मागे राहिले कुष्ठरोग्यांच्या खोलीतले सोळा जण,
आणि माझी आत्या.
तिला सगळे बानाकातोंगो म्हणत, म्हणजे कातोंगोची आई.
कातोंगो तांब्याच्या खाणीत उतरला, त्याला चार वर्षं झाली होती.
नाव तेवढं तिच्याजवळ राहिलं होतं.

ज्या पायांना काही कळत नाही
त्यांना रात्री उंदीर कुरतडतात.
झोपलेल्या माणसाला पत्ता लागत नाही,
सकाळी उठून तो बोटं मोजतो.
म्हणून कुणीतरी जागं राहायचं. एवढीच रात्रपाळी.
उंदरांना कुठं ठाऊक, आज कुठली तारीख आहे.

ती एकेकाचे पाय धूत होती, मी कंदील धरून.
धरून म्हणजे, रागानं हलवत.
"प्रभूनंही धुतले होते," ती म्हणाली,
"पण त्या पायांना निदान पाणी तरी कळलं असेल."
मग म्हातारा शिकापा हसला,
जो परक्या राजासाठी ब्रह्मदेशात लढून आला होता
आणि परतल्यावर वर्षभरात ज्याला गावानं शिवेबाहेर ठेवलं होतं.
"माझ्या पायांना नाही कळत, पोरी,
पण मला कळतं ना."

बाराला पाच कमी असताना तिनं घड्याळ पाहिलं.
"आपणही मालवू या," म्हणाली.
मी म्हटलं, आणि उंदीर?
तिनं पाय धुवायचं पत्र्याचं घमेलं उपडं केलं,
कालथा उचलला, कंदील फुंकला
आणि त्या काळ्याकुट्ट अंधारात घमेलं बडवू लागली.
आधी ती एकटी.
मग कुणी झडलेल्या बोटांच्या मुठीनं खाटेची कड ठोकली,
मग दुसरी खाट, मग भिंत,
मग कुणीतरी भसाड्या आवाजात स्तोत्र धरलं, भलत्याच पट्टीत.
पलीकडच्या तीरावर कुत्री भुंकायला लागली.
इतका गोंगाट त्या खोलीत कधी झाला नव्हता.

कंदील लागला तेव्हा
भिंतीवर पेजेनं चिकटवलेली माझी कोंबडी होती.
कधी चिकटवली तिनं, देव जाणे.
शिकापा खाटेवर बसल्या बसल्या ताठ झाला,
आणि जो हात उरला होता तो कपाळाला लावला.

पहाटे मी विचारलं, तुला कुणी थांबवलं होतं का?
"कुणीच नाही. म्हणून तर थांबले.
गोऱ्या मेट्रननं सांगितलं असतं,
तर लॉरीच्या टपावर बसून गेले असते!"
आणि घमेलं विसळायला नदीवर गेली.
जन्मात तेवढं एकच प्रवचन मी तिच्या तोंडून ऐकलं,
तेही अर्धं थट्टेत.

आता मी जिल्हा कचेरीत आहे. दर ऑक्टोबरला
पहिल्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची असते,
शेजारी कंत्राटदार, धान्यकोठाराचे साहेब,
टाळ्या वाजवायला उत्सुक, गुबगुबीत हात.
कधी समारंभात वीज जाते, तेव्हा सगळे मान वर करून
झेंडा होता तिकडे बघत राहतात.
माझा कान जातो खाली, खुर्च्यांच्या पायांशी.
खुडबुड ऐकू येते.
आणि हात आपोआप चाचपू लागतो
वाजवता येईल असं काहीतरी.