कापलेली दोन मिनिटं

रुवीत सात वाजतात तेव्हा वेंगुर्ल्यात साडेआठ.
मालिका मात्र एकच.
आम्ही आठ जण, गळक्या एसीखाली बादली,
सोफ्याच्या नावाखाली दोन गाद्या
आणि परकारचाचांनी परातीत उपसलेला भात.

चार महिने चाललंय:
सरंजाम्यांचा धाकटा, निशिकांत,
मुली बघायला जातो, पोहे खातो, नकार देऊन येतो.
पेडणेकर म्हणायचा, पत्रिकेत काहीतरी असणार.
बाळा म्हणायचा, बाहेर कोणीतरी असणार.
कोणीतरी होतंच.
रोज संध्याकाळी चित्रं शिकवायला येणारा दाढीवाला,
त्याच्या चहात साखर किती हे सुनांना ठाऊक नव्हतं,
निशिकांतला ठाऊक होतं.
हे कुणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्या आलं. मी भात कालवत राहिलो.

आज गच्चीवर निशिकांत म्हणाला,
"मला तुला एक—"
आणि पडद्यानं उडी मारली ती थेट कपड्यांच्या साबणावर.
परतलो तर खाली आई रडतेय,
वडिलांनी ताट सरकवलंय,
गच्चीवर कुणीच नाही,
दोरीवर एक चादर तेवढी.

"इकडच्या चॅनेलवर कापतात," चाचा म्हणाले.
"पण कापलं काय?"

मग ज्यानं त्यानं आपापली दोन मिनिटं भरली.
पेडणेकरच्या गच्चीवर निशिकांतनं पैसे मागितले.
गुंड्याच्या गच्चीवर त्याला रक्ताची उलटी झाली.
"नाय रे, तसला निघाला तो," बाळा म्हणाला,
"दोघंही तसले,"
आणि उठून मनगट मोडून चालून दाखवलं
बादलीपासून दारापर्यंत.
ह्याच बाळाच्या कमरेला मी रोज रात्री बाम चोळतो,
डक्टमध्ये वाकून वाकून धरते त्याची.
सगळे हसले.
मीही हसलो, अर्धा क्षण उशिरा,
म्हणून जरा जास्तच.

"लोकांच्या घरात बायकापोरं बघतात हे," पेडणेकर म्हणाला.
"आपल्या घरात कुठायत," गुंड्या म्हणाला.
यावर कुणी हसलं नाही.

चाचांनी परात पुसून घेतली. म्हणाले,
दाभोळला माझे एक मामू होते, निकाह केला नाही कधी.
दरसाल उरुसाला एकाच दोस्ताबरोबर जायचे.
मामू गेले तेव्हा तो दोस्त
मूठभर माती हातात घेऊन उभाच राहिला,
टाकेचना.
"मग?"
"मग काय. भात घ्या कोणीतरी, उरलाय."

मी फोन घेऊन वर गेलो.
पाण्याच्या टाक्या अजून तापलेल्या,
पलीकडे काळे डोंगर, एक झाड नाही अंगावर.
आयेनं पहिल्या घंटीला उचलला.

"आये, निशिकांताचा काय झाला?
आमच्याकडे कापल्यानी."

"कापूक काय होता तेच्यात?
तेणा तेचो हात धरल्यान."

"इतक्याच?"

"इतक्याच. मगे दोघाय उगी रवले.
चादर हालत होती वाऱ्यान."

"तुका कसा वाटला?"

"माका काय वाटतला?
शेजारची सुमन टीव्ही बंद कर म्हणा होती.
मी म्हटलंय, तुझ्या घराकडे जावन बंद कर."
भांडं ठेवल्याचा आवाज आला.
"भियालेलो दिसत होतो रे झील.
हात थंडगार असतलो तेचो.
पण आवशीक आदी सांगूक होया होता तेणा.
आवशीक काय परक्यांनी येवन सांगाचा?"

कार्डावर दोन मिनिटं उरल्याचं
एका बाईनं अरबीत सांगितलं, मग इंग्रजीत.
माझ्या हाताला टाकीचा पत्रा लागला,
चटका बसला तरी काढला नाही.

"आये," मी म्हटलं.

"सांग," ती म्हणाली.

खालून बाळा ओरडत होता,
उद्याची झलक लागलीय, लवकर ये,
उद्याची.